तिघींचा हिरवा झगा

मी झगा बोलतोय. हसू नका. दाराजवळ जी प्लॅस्टिकची पिशवी ठेवली आहे ना, तिच्यात मी आहे. वर एक पावसाळी कोट, खाली दोन लोकरीचे स्वेटर, मध्ये मी. सोमवारी दानाच्या दुकानाची गाडी येईल आणि आम्हाला घेऊन जाईल. कोटाला आणि स्वेटरांना त्याचं काही नाही. मला मात्र एक निरोप द्यायचा आहे. तो या घरात फक्त मलाच कळलेला आहे, आणि द्यायला तोंड नाही.

म्हणून पहिल्यापासून सांगतो. निदान कोणी ऐकतंय असं वाटेल.

माझा जन्म लढाईतला, बेचाळीसचा. गाव इंग्लंडातल्या लँकेशायरमधलं, गिरण्यांचं. रोज मैलोन् मैल कापड विणायचं आणि विणणाऱ्या बायकांनी ठिगळं लावून फिरायचं, असे ते दिवस होते. कापड कुपनावर होतं. वर्षाची कुपनं हातात यायची तेव्हा पुष्कळ वाटायची. एक कोट घेतला, एक बुटांची जोडी घेतली की पुस्तक रिकामं व्हायचं. आणि शनिवारी को-ऑपच्या दुकानावरच्या हॉलमध्ये नाच तर असायचाच. बॉम्ब पडोत, साखर संपो, शनिवार कोणी चुकवत नसे.

एकाच गिरणीत, शेजारशेजारच्या मागांवर तिघी काम करायच्या. एडिथ सगळ्यांत मोठी, अडतिसाची, विधवा, रुंद अंगाची. तिच्याकडे हाताचं शिलाई मशीन होतं, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा. हेट्टी तेविशीतली, ताडमाड आणि तोंडाळ. आल्मा बाविशीची, बारीक, कमी बोलणारी. तिघींपैकी एकीलाही एकटीच्या कुपनांवर नाचाचा झगा जमणार नव्हता.

"तिघींचा मिळून एक धड झगा होईल," हेट्टी म्हणाली.

तसंच झालं. एडिथने आपल्या लग्नातला साटीनचा पलंगपोस काढला. तो पिवळा पडला होता, म्हणून कपडे उकळायच्या हंड्यात रंगाची पुडी टाकून हिरवा केला. त्याचा माझा घेर झाला. हेट्टीने सात कुपनं दिली आणि दोन वार बनावट रेशीम आणलं, गर्द हिरवं. त्याचा वरचा भाग झाला. दोन्ही हिरवे एकमेकांशी जुळत नव्हते. एडिथ म्हणाली, हॉलमध्ये दिवे मंद असतात, कोण बघतंय.

आल्माकडे द्यायला काही नव्हतं. तिच्या वडिलांचा एक कोट होता, माणूस गेलेला, कोट खुंटीला. तिने त्याचं अस्तर उसवून आणलं. मऊ, करडं, तंबाखूचा वास असलेलं. ते मला आतून लावलं. म्हणजे बाहेरून मी एडिथचा आणि हेट्टीचा, आतून आल्माचा. तो भाग कधी कोणाला दिसला नाही, पण जी घालेल तिच्या अंगाला लागायचा तोच.

काड्या ओढून हेट्टीने माझी घडी मोडली. मोज्यांची कुपनं माझ्यात गेलेली, म्हणून तिने रस्सा तपकिरी करायची पूड पाण्यात कालवून पायांना फासली. एडिथने भुवयांच्या पेन्सिलीने मागून मोज्याच्या शिवणीसारखी रेघ ओढली. जिन्यात शेजारणीच्या कुत्र्याने तिची एक पोटरी चाटून साफ केली. हेट्टी रात्रभर उजव्या अंगानेच नाचली.

दर शनिवारी माझी कंबर वेगळी असायची. एडिथसाठी शिवणी सोडायच्या, आल्मासाठी घ्यायच्या, हेट्टीसाठी खालची दुमड उतरवायची, सगळं कच्च्या दोऱ्याने. सुयांनी अंगाची चाळण झाली. पण खरं सांगू? तेव्हा मला कधी दुखलं नाही. ज्याची तीन घरी वाट बघतात त्याला काय दुखणार?

भांडण झालं ते अदलाबदलीवरून. एकदा हेट्टीने आपला शनिवार एडिथला दिला, मग मागितला, मग मिळाला नाही. आठ दिवस दोघी एकमेकींशी ना तोंडाने बोलल्या ना ओठांनी. शेवटी एडिथने नियम केला. बेकरीसमोर, खाटकासमोर, कोळशासमोर आपण रांग पाळतो ना, तशी ही रांग. एक शनिवार एकीचा. द्यायचा नाही, मागायचा नाही. आल्माचं अक्षर चांगलं, म्हणून तिलाच एडिथच्या कपाटाच्या दाराच्या आत खडूने लिहायला लावलं: "अदलाबदल नाही. विचारायचंही नाही."

ओठांनी बोलणं म्हणजे काय ते सांगायला हवं. गिरणीत शेकडो माग एकदम खडखडतात. कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून मागावरच्या बायका आवाज काढतच नाहीत. फक्त ओठ हलवतात, मोठे, स्पष्ट, आणि पन्नास पावलांवरची बाई ते वाचते. कोणाला दिवस गेलेत, कोणाचा नवरा पितो, सगळं त्या खडखडाटात मुक्याने चालतं. सवय इतकी लागते की चर्चमध्ये, बसमध्ये, हॉलमध्ये बँड मोठ्याने वाजत असला तरी त्या तशाच बोलतात. तिघींच्या संगतीत मीही ते वाचायला शिकलो. शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

नॉर्मन टॅटरसॉल गिरणीतला नव्हता. टेकडीवरच्या शेतावरचा, आईच्या कोंबड्या आणि बापाची मेंढरं यांत वाढलेला, आता लष्करात शिपाई. पहिल्यांदा त्याने आल्माला नाचायला विचारलं तेव्हा बँड जोरात होता. तिने सवयीने नुसते ओठ हलवले.

तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोल, बाई. मी मेंढरांतला माणूस. ती निदान बें तरी करतात."

आल्मा इतकी हसली की माझा एक टाका सुटला.

नोव्हेंबरात त्याने बसथांब्यावर तिला लग्नाचं विचारलं. त्या शनिवारी मी तिच्या अंगावर होतो, वरून कोट.  तिच्या छातीची धडधड मला अस्तरातून कळत होती. एकविसाव्या वर्षी विधवा झालेल्या एडिथला ती रोज पाहत होती. भीती वाटणार नाही तर काय?

"आत्ता नको विचारूस," ती म्हणाली. "पुढच्या रजेला ये. मी हा हिरवा झगा घातलेला दिसला तर हो समज. नसला तर विचारू नकोस. तुला तोंडाने नाही म्हणायला मला जमायचं नाही."

"झग्यालाच विचारतो मग," नॉर्मन म्हणाला. त्याने माझी बाही दोन बोटांत धरली. "काय रे, सांगशील ना खरं?"

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नाही. मी तिघींचा आहे हे. कोणती पोर आपल्या माणसाला सांगेल, की हा झगा माझा एक तृतीयांश आहे म्हणून? लाजच वाटली तिला. त्या एवढ्याशा लाजेचं पुढे काय झालं ते बघा.

फेब्रुवारीत गुरुवारी त्याची तार आली. शनिवारी येतो, रविवारी पहाटे परत. आणि तो शनिवार हेट्टीचा होता.

शनिवारी दुपारी गिरणी सुटल्यावर आल्मा एडिथकडे आली. तिने कपाट उघडलं. आत मी, आणि दारावर तिचंच अक्षर.

"काय गं? आज तुझा शनिवार नाही," एडिथ चुलीजवळून म्हणाली.

"माहीत आहे. हूक सैल झालाय का ते बघायला आले."

"झालाय?"

"थोडा."

हूक अजिबात सैल नव्हता. तिने सुईत दोरा ओवला आणि त्या घट्ट हुकावर आणखी आठ टाके घातले.  मी मनात म्हणत होतो, विचार गं, एकदा विचार, हेट्टी उपाशी राहील पण तुला नाही म्हणणार नाही. एडिथने चहा विचारला. पत्ती दुसऱ्या पाण्याची आहे, म्हणाली. आल्मा "नको" म्हणाली. दोरा दातांनी तोडला आणि गेली. तार तिच्या कोटाच्या खिशात होती. एडिथला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं, की आपण उठून तिचं तोंड का पाहिलं नाही. पण तिचे हात कणकेत होते.

तोंडानेच सांगेन, असं आल्माने ठरवलं असणार. कारण ती हॉलमध्ये आली. तपकिरी स्कर्ट, इस्त्री केलेला, गळ्याशी आईची पिन.

मी हेट्टीच्या अंगावर होतो. नॉर्मन दारात आला, टोपी हातात. त्याने गर्दीवर नजर फिरवली आणि त्याला मी दिसलो. देवा रे, काय त्याचा चेहरा उजळला! माणसं ढकलत, माफ करा माफ करा म्हणत तो सरळ माझ्याकडे आला. हात पुढे केला. हेट्टी वळली.

"अरे, नॉर्मन! तू कधी आलास?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग भिंतीशी उभ्या आल्माकडे आणि तिच्या तपकिरी स्कर्टकडे. हात हळूच खाली घेतला. मला ओरडावंसं वाटलं. मी साधा झगा, जिने घातलाय ती वळेल तिकडे वळणार. हेट्टीला कोणी तरी नाचायला ओढलं आणि मी गरागरा फिरत त्याच्यापासून लांब गेलो.

एक वॉल्ट्झ नॉर्मन आणि आल्मा नाचले. फिरता फिरता ते मला दिसायचे, मग नाहीसे व्हायचे, मग दिसायचे. नॉर्मन सारखा बोलत होता. कोंबड्या, बर्फ, कॅम्पातलं जेवण. भला माणूस. शब्द दिला होता ना, विचारणार नाही म्हणून, तो पाळत होता, आणि तिला अवघड वाटू नये म्हणून हसतही होता. आल्माने दोनदा तोंड उघडून मिटलं. बोलणाऱ्या माणसाला थांबवून "हो" म्हणायचं, तेही न विचारलेल्या प्रश्नाला, हे तिच्या रक्तातच नव्हतं. शिवाय ती बिचारी समजत होती की अजून वेळ आहे.

वेळ नव्हता. शेताकडची शेवटची बस नऊला. त्याने घड्याळ पाहिलं, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि दाराकडे निघाला.

बँडने त्याच वेळी पोल्का धरला. सगळा हॉल पाय आपटत होता. दारात पोचून नॉर्मन वळला. मधे पन्नास पावलं, शंभर माणसं आणि तो गोंगाट. तेव्हा आल्मा बोलली. इतकी वर्षं खडखडाटात जशी बोलली तशीच. आवाज न काढता, ओठ मोठे करून.

"हो. माझं हो आहे. तो झगा आज माझा नव्हता."

हॉलमधल्या साऱ्या मागवाल्या बायकांनी ते वाचलं. नाचता नाचता थांबल्या. तिकीट फाडणारी म्हातारी डोळे पुसायला लागली. मीही वाचलं. एकट्या नॉर्मनला ते कळलं नाही. त्याला वाटलं, ती निरोप घेते आहे. त्याने टोपी हलवली, हसला, आणि उजेड बाहेर जाऊ नये म्हणून दाराला लावलेला काळा पडदा बाजूला सारून बाहेर गेला.

"मूर्ख पोरी, तो मेंढरांतला आहे!" हेट्टी किंचाळली, यावेळी आवाजाने. आणि मला दोन्ही हातांनी वर उचलून धावत सुटली. जिन्यात तिची टाच माझ्यात अडकली, घेर वीतभर फाटला. रस्त्यावर ब्लॅकआऊट, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा. बस निघाली होती. हेट्टी भर थंडीत, रंगवलेल्या उघड्या पायांनी, बसच्या आवाजामागे धावत ओरडत राहिली.

"तिनं हो म्हटलंय! नॉर्मन! हो म्हटलंय तिनं!"

मागून आल्मा आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. 

पहाटेच्या गाडीवर ती स्टेशनवर गेली. पण गाडी शिपायांनी इतकी भरली होती, की तिला तो सापडलाच नाही. घरी येऊन तिने एका ओळीचं पत्र लिहिलं. सात आठवड्यांनी ते न उघडता परत आलं. त्याचं जहाज पोचलंच नव्हतं.

हेट्टीने मला शिवून, धुऊन आल्मापुढे ठेवलं. "घे. कायमचा तुझा. मला नको हा."

"माझा शनिवार पुढचा आहे," आल्मा म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती सात वाजता एडिथकडे आली. मला घातलं, केस विंचरले आणि चुलीजवळच्या खुर्चीत बसली. नाचायला जायचंच नव्हतं. एडिथने विचारलंही नाही. थोड्या वेळाने दार वाजलं. टेकडीवरून नॉर्मनची आई आली होती, वर्तमानपत्रात सहा अंडी गुंडाळून.

"तुमच्या घरी गेले होते, पोरी. तू इथं आहेस म्हणाले," मिसेस टॅटरसॉल म्हणाल्या. "म्हटलं, तुला सांगून यावं. तुझ्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याच्याही नव्हतं. जाताना म्हणाला, आई, तिनं झगा मैत्रिणीला देऊन टाकला, म्हणजे नाहीच समज. पण तिला बोल लावायचा नाही. चांगली आहे ती." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "हाच का तो?"

आल्मा उभी राहिली. या वेळी तिने आवाज काढला. घोगरा निघाला, पण निघाला.

"हो."

"काय हो, पोरी?"

"मला हो म्हणायचं होतं. तो शनिवार माझा नव्हता हो! नुसता शनिवार माझा नव्हता!"

म्हातारीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती चुलीजवळच्या खुर्चीत बसली. आल्माने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दोघींच्या रडण्याने माझा खांदा भिजला. एडिथने अंडी उचलून वाडग्यात ठेवली. अंडी कुपनावर होती, फुटून चालणार नव्हतं.

त्यानंतर मला कोणीच नाचायला नेलं नाही. लढाई संपली, कुपनं संपली, दुकानात घेरदार झगे आले. हेट्टीने लग्न केलं, तिला मुलगी झाली, मॅरियन. एडिथ वारली, तेव्हा मी आल्माकडे आलो. मग हेट्टीही गेली. आल्मा गिरणी बंद होईपर्यंत मागावर राहिली. मागांनी तिचे कान नेले. लग्न केलं नाही. शनिवारी संध्याकाळी ती कपाट उघडायची, माझा हूक बोटाने चाचपायची आणि बंद करायची. त्या आठ टाक्यांमुळे तो हूक अजून पक्का आहे. बाकीचा मी विरत आलोय.

आता ती अंथरुणाला खिळली आहे. मागच्या महिन्यात अर्धं अंग गेलं आणि वाचा गेली. मॅरियन दर आठवड्याला येते, सगळं करते, पोटच्या पोरीने करावं तसं. गुणी आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण ती शाळेत शिकवते. माग तिने फक्त चित्रात पाहिलाय.

काल तिने कपाटं आवरायला घेतली. मला काढलं, झटकलं. "अगंबाई, किती जुनं हे," म्हणून पिशवीत घातलं. पलंगावरून आल्मा बघत होती. तिचे ओठ हलले. एका बाजूने वाकडे, पण मोठे आणि स्पष्ट, पन्नास पावलांवरून कळतील असे.

"तो नको देऊस. मी जाईन तेव्हा तो मला घाल."

"पाणी हवंय, मावशी?" मॅरियनने विचारलं. चमच्याने पाणी पाजलं, तोंड पुसलं.

आल्माने पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, शब्दन् शब्द. मी पिशवीच्या तोंडातून वाचलं.

"हो हो, मावशी," मॅरियन तिचा हात थोपटत म्हणाली. "सगळं नीट आवरते हं मी." आणि पिशवीला गाठ मारून तिने ती दाराशी आणून ठेवली.

तुमच्या ओळखीत कोणी जुनी मागवाली उरली असेल, तर तिला सोमवारच्या आत या घरी पाठवा. तिने काही करायला नको. पलंगापाशी उभं राहून आल्माचे ओठ वाचायचे आणि मॅरियनला आवाजाने सांगायचं, एवढंच. मला आता अंगावर चढवता येणार नाही, मधून उसवावं लागेल, तर खुशाल उसवा. अस्तर तेवढं तिच्या अंगाकडे येऊ द्या. आणि वार बघत बसू नका. रांगेत आता तिच्यापुढे कोणी नाही.